रामघाटावरचा उपवास

काशीच्या रामघाटावर सांगवेद विद्यालय आहे. या घाटापासून पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाटापर्यंतच्या गल्ल्यांत मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. तिथे एकादशी कोणत्या दिवशी धरायची, हा मोठ्या अभ्यासाचा विषय होता.

सोळाव्या शतकात रामेश्वरभट्ट पैठणहून काशीला आले. त्यांचे पणतू कमलाकरभट्ट यांनी 1612 मध्ये ‘निर्णयसिंधु’ लिहिला. पुढे 1790च्या सुमारास पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी ‘धर्मसिंधु’ रचला. आपल्या पंचांगातले व्रतांचे निर्णय आजही या दोन ग्रंथांच्या आधारे होतात.

या परंपरेत उपवास एकाच प्रकारचा नाही. दुपारी एकदाच जेवायचं ते ‘एकभुक्त’. दिवसभर थांबून रात्री एकदाच जेवायचं ते ‘नक्त’. काहीच न खाणं हा पूर्ण उपवास. आज ‘इंटरमिटंट फास्टिंग’ म्हणतात त्याच्याशी पहिले दोन किती जुळतात पाहा! फरक हेतूचा. तिथे वजन घटवणं नव्हतं, संयम आणि उपासना होती.

मग फायदा होतो का? उपाशीपणी पेशी स्वतःचेच जुने भाग मोडून पुन्हा वापरतात. ही क्रिया कशी चालते हे यीस्टवर शोधणाऱ्या योशिनोरी ओसुमी यांना 2016चं नोबेल मिळालं. पण यीस्ट म्हणजे माणूस नव्हे. चीनमध्ये 139 लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर प्रयोग झाला, 2022 मध्ये तो प्रसिद्ध झाला. सगळ्यांनी उष्मांक कमी केले. निम्म्यांनी शिवाय सकाळी 8 ते दुपारी 4 मध्येच खाल्लं. वजन दोन्ही गटांचं उतरलं, पण फरक ठोस नव्हता. म्हणजे घड्याळाइतकंच ताटही महत्त्वाचं. आणि आपलं ताट? साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे. तिन्ही पिकं मूळची दक्षिण अमेरिकेची, आणि ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपलीच!

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरातली वडीलधारी माणसं उपवासाला गोळी टाळतात, किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहतात. यात साखर एकदम खाली जाऊन जीवावर बेतू शकतं. धर्मशास्त्राने व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत पाणी, फळ, दूध आहे आणि औषधही आहे. लहान मुलं आणि अतिवृद्धांना तर सूटच आहे. तेव्हा मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आजी ऐकत नसेल, तर तिला हे शास्त्र सांगा.