शर्यतीचे वाहन व सफरीचे वाहन : सातारा-सांगली भागातील छकड्याच्या निमित्ताने काही विचार

अमेरिकन स्पोर्ट्स मोटार आणि युरोपीय ग्रँड टूरर यांची तुलना हा वाहनशौकिनांच्या चर्चेतील एक जुना विषय आहे. ही तुलना बहुधा दोन अंगांनी केली जाते. एक देशाच्या अंगाने, म्हणजे अमेरिकन ते रांगडे व युरोपीय ते नजाकतीचे. आणि दुसरी किमतीच्या अंगाने. ही दोन्ही अंगे वस्तुस्थितीला पुरती पडत नाहीत. वाहनाचे वळण प्रथम त्याच्याकडून अपेक्षिलेल्या कामावरून ठरते, आणि काम पालटले की वाहनाआधी त्याच्या नावाचा अर्थ हलू लागतो, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. त्यासाठी लागणारा पुरावा दूरच्या खंडांत आहे, तसाच सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या बैलगाडीतही आहे. त्यामुळे प्रथम शब्दांचा, मग मोटारींचा आणि शेवटी बैलगाडीचा असा क्रम येथे ठेवला आहे.

‘शर्यत’ हा शब्द अरबी ‘शर्त’ या शब्दावरून मराठीत आला. मूळ अर्थ अट, करार. त्यावरून पैज, आणि पैजेवरून धावण्याची चुरस. याच मुळापासून आलेला ‘शर्थ’ हा शब्द पराकाष्ठेच्या प्रयत्नाचा वाचक झाला. आणि कायद्याच्या भाषेतील ‘अटी व शर्ती’ या जोडीत मूळ अर्थ अजून जसाच्या तसा आहे. ‘सफर’ हा शब्दही अरबीच. त्याचा अर्थ प्रवास. इंग्रजीतील ‘स्पोर्ट’ हा शब्द करमणूक, मनोविनोद या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दाचे आखूड झालेले रूप आहे. ‘ग्रँड टूरर’ या नावामागे इटालियन ‘ग्रान तुरिस्मो’ असून त्याच्याही मागे सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्रज उमरावांचे तरुण पुत्र शिक्षणाची सांगता म्हणून फ्रान्स व इटलीचा जो दीर्घ प्रवास करीत, त्याची आठवण आहे. म्हणजे एका नावात चुरशीचा खेळ आहे व दुसऱ्यात वाटचाल. देश दोहोंत नाही.

आता वाहनांकडे वळू. जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्क येथील प्रदर्शनात जनरल मोटर्स कंपनीने ‘शेव्हरोले कॉर्व्हेट’ ही दोन आसनी मोटार मांडली. त्याच वर्षी जूनअखेर तिचे उत्पादन सुरू झाले व वर्षभरात ३०० गाड्या तयार झाल्या. तिचे अंग काचतंतू व रेझिन यांचे होते. इंजिन मात्र सहा सिलिंडरांचे, १५० अश्वशक्तीचे, आणि दात्यांची पेटी दोन टप्प्यांची स्वयंचलित. स्पोर्ट्स मोटार हे नाव तिला आधी मिळाले. त्या नावाला साजेसे आठ सिलिंडरांचे इंजिन १९५५ मध्ये आले. याच सुमारास अमेरिकेत पाव मैलाच्या सरळ धावपट्टीवरील शर्यतींचा प्रसार होत होता. त्यांची राष्ट्रीय संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली. पाव मैल म्हणजे सुमारे ४०० मीटर. एवढ्याच अंतरात ज्याला सर्वस्व दाखवावयाचे आहे, त्या वाहनाला उसळी हवी. चालकाच्या पाठीला आराम आणि सामानाला जागा ही त्याची गरज नव्हे.

युरोपात निराळी गरज होती. लांब पल्ला, मध्ये आल्प्सचे घाट, एका देशातून दुसऱ्या देशात जाणारे रस्ते, आणि त्या रस्त्यांवरून दोघाचौघांना सामानसुमानासह एका दिवसात न थकता पोहोचावयाचे. १९५१ ची लान्शिया ऑरेलिया बी-२० व १९५२ ची बेंटली कॉन्टिनेन्टल ही या गरजेची ठळक फळे होत. बेंटली चार माणसांना घेऊन ताशी सुमारे १९० किलोमीटर वेगाने जाऊ शके. तथापि सफरीच्या गाडीला शर्यत वर्ज्य होती असे मात्र नव्हे. इटलीत १९२७ ते १९५७ या काळात ब्रेश्या ते रोम व परत ब्रेश्या अशी सुमारे १,६०० किलोमीटरांची ‘मिले मिल्या’ शर्यत भरे. १९५१ च्या शर्यतीत लान्शियाची ही प्रवासी बांधणीची गाडी दुसरी आली. जेथे शर्यतच प्रवासाएवढी लांब, तेथे प्रवासाची गाडी शर्यतीत मागे पडत नाही, हा येथील बोध आहे.

देशानुसार केलेली विभागणी आणखी एका पुराव्याने ढासळते. फ्रान्समधील फासेल व्हेगा व इंग्लंडमधील जेन्सन इंटरसेप्टर या नामांकित ग्रँड टूरर गाड्यांत अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीचे इंजिन होते. उलट १९६२ ची शेल्बी कोब्रा ही अमेरिकन म्हणून गाजलेली गाडी म्हणजे इंग्लंडच्या एसी कंपनीचा सांगाडा व त्यात फोर्डचे इंजिन. महाराष्ट्रापुरते पाहावयाचे तर वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात आधी क्रायस्लरच्या अमेरिकन गाड्या जुळविल्या गेल्या व पुढे फियाटच्या इटालियन गाड्या तयार होऊ लागल्या. एकाच कारखान्यात दोन्ही खंड नांदले. सांगलीत १९४७ मध्ये स्थापन झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय पुढे याच वालचंदांच्या नावाने ओळखले जाऊ लागले.

नावांची पुढील वाटचाल भाषेच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. फेरारी कंपनीने १९६२ मध्ये आपल्या २५० जीटीओ या गाडीच्या नावात जी तीन अक्षरे घातली, ती ‘शर्यतीसाठी मान्यता मिळालेली ग्रान तुरिस्मो’ या अर्थाच्या इटालियन शब्दांची आद्याक्षरे होत. अमेरिकेच्या पाँटियाक विभागाने १९६४ मध्ये हीच तीन अक्षरे आपल्या एका मध्यम आकाराच्या घरगुती गाडीच्या जोरकस आवृत्तीला दिली. तिला ना तशी मान्यता होती, ना आल्प्स ओलांडावयाचे होते. त्यानंतर ‘जीटी’ ही अक्षरे जगभर वाटेल त्या गाडीच्या पाठीवर दिसू लागली. हा अर्थविस्तार होय. मान तेवढा शिल्लक राहिला. काम गळून पडले.

याच्या नेमकी उलट प्रक्रिया, म्हणजे अर्थसंकोच, कृष्णाकाठी घडलेली दिसते.

मराठीत ‘गाडी’ हा शब्द प्राकृत ‘गड्डी’शी निगडित आहे, तर ‘छकडा’ या शब्दाचे नाते संस्कृत ‘शकट’ शब्दाशी आहे. मराठी लिंगभेदाने आकारभेद दाखविते : गाडा मोठा, गाडी लहान, छकडा आणि त्याहून हलकी छकडी. देशावर ओझ्याची गाडी वेगळी व माणसांची गाडी वेगळी असे. ओझ्याच्या गाडीतून गूळ, हळद, ज्वारी बाजाराला जाई. माणसांची गाडी हलक्या बांधणीची; तिच्यावर ऊनपावसासाठी तट्ट्याचे किंवा कापडाचे छप्पर घातलेले, आत गवताच्या बैठकीवर घोंगडी किंवा गादी. लेकीबाळी माहेरी जावयाच्या, कुटुंब पालीला खंडोबाच्या अथवा म्हसवडला सिद्धनाथाच्या यात्रेस निघावयाचे, तर हीच गाडी जुंपली जाई. हिला छकडा म्हणत. मराठी मुलखात इतरत्र दमणी, धमणी, रेंगी अशीही नावे सापडतात. ही आपली सफरीची गाडी होय. वेगाचे तिला वावडे नव्हते. पण वेग वाटभर टिकावा व आत बसलेल्यांना सोसावा, ही तिची शर्त होती.

या गाड्यांना बैलही याच भूमीत मिळाले. खिल्लार जातीच्या ज्या शाखा पशुवैद्यकशास्त्र मानते, त्यांपैकी आटपाडी महाल ही सांगली जिल्ह्यातील व म्हसवड ही सातारा जिल्ह्यातील आहे. आटपाडी महाल पूर्वी औंध संस्थानात मोडे. ‘खिल्लार’ या शब्दाचा सामान्य अर्थ गुरांचा कळप असा असून, ही गुरे पोसणाऱ्यांना ‘थिल्लारी’ म्हणतात. कोरडा, खडकाळ मुलूख, लांबलांबची कुरणे आणि दूरचे पाणी यांतून चपळ व चिवट बैल निपजला. खरसुंडी व पुसेगाव येथील यात्रांतून त्याचा बाजार भरत आला आहे. एकच बैल सफरीलाही चाले व शर्यतीलाही; फरक गाडीत पडे.

शर्यतीच्या गाडीत काय उरते ते पाहावे. जू, दांडी, आस, दोन चाके, आणि हाकणाऱ्याला कसेबसे टेकण्यापुरती जागा. छप्पर नाही, बैठक नाही. चाकावर चढविलेल्या लोखंडी पट्टीला आपण ‘धाव’ म्हणतो. शर्यतीची गाडी म्हणजे जणू धाव आणि तिला धरून ठेवण्यापुरते लाकूड. पुणे जिल्ह्यातील घाटावरील बैलगाडा, विदर्भातील शंकरपट आणि सातारा-सांगलीकडील मैदान हे या एकाच खेळाचे प्रादेशिक प्रकार होत. आपल्याकडे सरळ मैदानातील छोटी धाव असते, तशीच काही भागांत ‘आरत-पारत’ही असते, म्हणजे ठरल्या जागेपर्यंत जाऊन परत यावयाचे. ब्रेश्याहून रोम गाठून ब्रेश्यास परतणाऱ्यांची शर्यत याच जातीची होती. फक्त अंतराचे मान निराळे. या खेळाने आपली परिभाषाही घडविली. बैलाच्या दातांवरून आदत, दुसा, चौसा असे गट पडतात, आणि ‘हिंदकेसरी’ हा कुस्तीतील किताब आता मैदानाच्या नावात येऊन बसला आहे.

सफरीच्या छकड्याला उतरती कळा कशी लागली, याचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात पुणे-मिरज लोहमार्ग झाला. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली, आणि पुढील काही दशकांत ‘एस्टी’ वाडीवस्तीपर्यंत पोहोचली. ऑगस्ट १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला व १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. याच काळात माणसे वाहून नेणारा छकडा दारातून हळूहळू नाहीसा झाला. त्याला कोणी मनाई केली नाही. त्याच्यासाठी कोणी अर्जही केला नाही. ओझ्याच्या गाडीने रबरी टायर स्वीकारले व ती उसाच्या मोळ्या घेऊन साखर कारखान्याच्या काट्यावर उभी राहू शकली. सफरीच्या गाडीला असे दुसरे काम मिळाले नाही.

शर्यतीच्या गाडीची कथा वेगळी आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्राण्यांचे हाल होतात या कारणास्तव अशा खेळांस मनाई केली. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. पण मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे शर्यती थांबलेल्याच राहिल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह अनुमती दिली व १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तामिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र यांचे कायदे वैध ठरविले. मनाईमागील प्रश्न खरा होता. चाबूक, टोचणी व विजेचा धक्का यांनी मिळविलेला वेग हा बैलाचा वेग नव्हे, आणि या खेळाची प्रतिष्ठा यापुढे त्या अटी किती पाळल्या जातात यावर अवलंबून राहील. ‘शर्यत’ या शब्दात ‘शर्त’ आहे, ही गोष्ट न्यायालयाने एका परीने पुन्हा प्रस्थापित केली. दुसऱ्या बाजूस, ट्रॅक्टरने शेतातले काम घेतल्यावर खिल्लार खोंडाला जे मोल राहिले, त्यात मैदानाचा वाटा मोठा आहे, हेही मान्य केले पाहिजे.

या दोन कथांचा परिणाम शब्दावर झाला. आज सातारा-सांगली भागात तरुण माणसाच्या तोंडी ‘छकडा’ किंवा ‘छकडी’ आली की शर्यतीची गाडीच अभिप्रेत असते. ज्या शब्दात एके काळी माहेरची वाट होती, त्यात आता केवळ धाव उरली आहे. ‘जीटी’ या अक्षरांचा अर्थ पसरला, कारण नावाला बाजारात किंमत होती. ‘छकडा’ या शब्दाचा अर्थ आक्रसला, कारण त्याच्या दोन कामांपैकी एकच शिल्लक राहिले. दोन्ही ठिकाणी नियम एकच आहे : वाहनाचे नाव त्याच्या कामामागून चालते, आणि काम सुटले म्हणजे नाव एक तर भटकते, नाही तर अंग चोरते.

म्हणून स्पोर्ट्स मोटार श्रेष्ठ की ग्रँड टूरर, हा प्रश्न निरर्थक नसला तरी अपुरा आहे. किती अंतर, कोणासाठी व कशासाठी, हे सांगितल्यावाचून त्याला उत्तर नाही. आपल्या भागापुरते एक काम मात्र तातडीचे आहे. शर्यतीच्या गाडीची परिभाषा जिवंत आहे. ती मैदानात रोज ऐकू येते. सफरीच्या गाडीचे शब्द मात्र तिचे छप्पर बांधणाऱ्या, बैठक घालणाऱ्या व तीतून प्रवास केलेल्या वृद्ध माणसांपाशीच आहेत. सातारा व सांगली जिल्ह्यांतील जुने सुतार, लोहार आणि यात्रेकरू यांच्याकडून ही शब्दसंपत्ती तालुकावार नोंदवून घेतली पाहिजे, आणि ती आताच नोंदविली पाहिजे. सांगली जिल्ह्यातील अलीकडच्या काही मैदानांत विजेत्या जोडीच्या मालकास पहिले बक्षीस म्हणून चारचाकी मोटार देण्यात आली. शर्यत जिंकली छकड्याने, आणि बक्षीस घेऊन मालक घरी निघाला तो मोटारीतून. सफरीचा छकडा कोठे गेला, याचे उत्तर त्या बक्षिसातच आहे.