पिंपातले 200 लिटर

हे शेड कल्पनेतलं आहे. नारायणगाव आणि मंचर यांच्या मध्ये, पुणे-नाशिक रस्त्यापासून थोडं आत, कुठंही उभं राहील असं. घड्याळ मी लावलं आहे. पाण्याचा हिशेब, सशाचं शरीर आणि मे महिन्यातला पत्रा मात्र जसेच्या तसे आहेत. रविवारी संध्याकाळी इथल्या 28 माद्यांपैकी 9 मेलेल्या सापडतील.

शनिवार, संध्याकाळी 5.40

शेवटच्या पिंजऱ्यापाशी उभी असलेली पारदर्शक नळी काढली. वरचं तोंड उघडं, उंची पिंपाच्या काठाच्या वर. तिची कामं दोन: पाण्याच्या लाईनीतली हवा बाहेर सोडणं आणि पिंपात पाणी किती आहे ते दाखवणं. आत शेवाळ धरलं होतं. सोमवारी नवी आणू, असं ठरलं.

उरलेल्या तोंडावर टोपी बसवली. पाईप चिकटवायच्या सोल्युशनचा डबा सुकून घट्ट झाला होता. टोपी तळव्यानं ठोकली.

6.05

निळं पिंप काठोकाठ भरलं. ते दीड मीटर उंच घोडीवर आहे. आत पाहायचं तर स्टूल लागतं. झाकण लावलं.

शेडमध्ये 4 युनिटं, म्हणजे 28 माद्या आणि 12 नर. शिवाय तूस पसरलेल्या कप्प्यात दूध तुटलेली 60 पिल्लं. सशाला किलोमागे दिवसाला साधारण 100 मिली पाणी लागतं. पिल्लं पाजणारी मादी एकटी लिटरभर सहज पिते. उन्हाळा धरून सगळ्यांचं मिळून 45 लिटर. पिंपात चार दिवसांची बेगमी होती.

7.20

टोपीतून ठिबकायला लागलं, सेकंदाला एक थेंब. वीस थेंबांचा एक मिली धरला तर दिवसाचे 4.3 लिटर. खाली पत्र्याचा डबा ठेवला.

सशांना पाणी द्यायला वाटी सोडून पाईपावरच्या निपलवर आलेले लोक वाटीकडं परत जात नाहीत, आणि ते बरोबरच आहे. वाटी उलटते, तिच्यात लेंड्या पडतात. पण रिकामी वाटी लांबूनही दिसते. निपल भरलेल्या लाईनीवर असो की कोरड्या, दिसायला सारखाच.

9.30

ससे जागे झाले. त्यांचं खाणंपिणं मुख्यतः संध्याकाळनंतर आणि रात्रीच चालतं. पाईप पिंजऱ्यांच्या चौकटीला तारेनं बांधलेला होता. मादीनं पाय आपटला की पाईप हलायचा. तो वेगळ्या खांबांवर घ्यायचं शेड उभारतानाच ठरलं होतं.

टोपी सुताभरानं सरकली.

10.30

थेंबाची धार झाली. मिनिटाला लिटरचा तिसरा हिस्सा, तासाला 20 लिटर. डबा भरून वाहू लागला. पाणी लेंड्यांच्या थरात मुरलं, तिथून तुसाच्या कप्प्याकडं निघालं.

पिंपात तेव्हा 180 लिटरच्या आसपास असावं.

11.15

ओट्यावर झोपलेल्या आजीला आवाज आला. "पाणी पडतंय बघ कुठंतरी."

"मोटारीचं असंल, आजी. थ्री फेज आलीय मघाशी."

शेतीची लाईट त्या आठवड्यात रात्रपाळीची होती. उसाला पाणी चालू होतं, आवाज सगळीकडूनच येत होता. शेड घरापासून 60 पावलांवर, मध्ये ऊस. कुत्री भुंकत होती. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे अशा तालुक्यात, उसाच्या कडेनं रात्री फक्त आवाजासाठी कुणी जात नाही. यात चूक काढता येत नाही.

रविवार, सकाळी 6.35

घरातल्या धाकट्यानं खाद्य टाकलं. पिंजऱ्यांखाली ओल होती. दाराजवळच्या पहिल्या निपलला बोट लावलं, थेंब आला. पाणी आहे.

पिंपात तेव्हा 10 लिटरसुद्धा नव्हते.

तपासणी झाली होती, हीच अडचण. ओल दिसली आणि थेंब आला, या दोन्हींचा अर्थ एकच लावला गेला. गळतीनं पाणी वाया जातं हे सगळ्यांना माहीत असतं. ती पाणी असल्याची खोटी साक्षही देते.

7.00

पिंप रिकामं झालं. काही मिनिटांत लाईनही.

8.15

मंचरला लग्न, मुहूर्त 12.35 चा. खिडक्यांना ओली गोणपाटं लावली. बिबट्याच्या भीतीनं दाराला कडी घातली. आजीसुद्धा गाडीत बसली.

10.30

गोणपाटं वाळली.

दुपारी 12.35

मंगलाष्टकं. बाहेर 39 अंश, पत्र्याखाली त्याहून जास्त. सशाला 25 अंशांपर्यंत बरं असतं. तिशीपुढं त्रास सुरू होतो. त्याला घाम जवळजवळ येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला मुख्यतः कान, आणि भराभर चालणारा श्वास. श्वासातून पाणी जातं. ते भरून काढायला निपल.

सकाळचं खाद्य भांड्यांत पडून होतं. तहानलेला ससा खाणं सोडतो. कुणी डोकावलं असतं तर पाण्याची खरी बातमी तिथंच होती.

1.50

एरवी मिनिटाला 30 ते 60 असलेला श्वास कित्येक पटींनी वाढलेला. माद्या जाळीवर लांब पसरलेल्या, मान मागं टाकलेली, नाक ओलं. सशानं तोंड उघडून श्वास घेणं ही शेवटाकडची खूण आहे.

3.00

पहिली मादी गेली. गाभण होती, तीन-चार दिवसांत व्याली असती. गाभण आणि पाजणाऱ्या माद्या आधी जातात.

5.20

गाडी आली. कडी काढल्यावर आधी अमोनियाचा वास आला. 9 माद्या आणि 2 नर मेलेले.

कुणीतरी फ्रिजमधला बर्फ आणायला धावलं. बर्फ नको, गार पाण्यानं कान ओले करायचे असतात. धाकट्यानं पहिल्या निपलला बोट लावलं, मग दुसऱ्या, मग सगळ्यांना. स्टूल आणून झाकण उघडायला आणखी दहा मिनिटं गेली.

सोमवार, पहाटे

मादी पिल्लांना दिवसातून साधारण एकदाच, काही मिनिटंच पाजते. मेलेल्यांपैकी तीन माद्यांची 19 पिल्लं पेट्यांत होती. ती दुसऱ्या माद्यांच्या पिल्लांत मिसळता येतात, वयं जवळची असली की. पण वाचलेल्या माद्यांचं दूधही आटलं होतं.

दुपारी नारायणगावहून सोल्युशनचा नवा डबा आला. टोपी चिकटवली. पारदर्शक नळीचं राहून गेलं.

तुसाच्या कप्प्यात ओल तशीच होती. त्या दिवशी तिकडं बघायला कुणाला सवड नव्हती. विष्ठेतून पडलेली कॉक्सिडिया या परजीवीची अंडी अशा उबदार ओलीत दोन-तीन दिवसांत संसर्गाला तयार होतात. त्यापुढं आठवडाभरात दूध तुटलेल्या पिल्लांना हगवण लागली. ती उन्हामुळं असावी, असं घरात सगळ्यांचं मत पडलं.