जॉन मॅक्लॉफ्लिन : कीर्तीच्या शिखरावरून पुन्हा शिष्यत्वाकडे

१/ ५ जुलै १९७५. न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंडवरच्या एका महाविद्यालयात मैफल सुरू होती. रॉकच्या गडगडाटासाठी जगभर गाजलेला गिटारवादक मंचावर मांडी घालून बसला होता. हातात साधी लाकडी गिटार; सोबतीला व्हायोलिन, तबला आणि घटम. हा बदल एका रात्रीत घडलेला नव्हता.

२/ जॉन मॅक्लॉफ्लिन यांचा जन्म ४ जानेवारी १९४२ रोजी इंग्लंडमधील डॉनकास्टर येथे झाला. आई व्हायोलिनवादक. अकराव्या वर्षी हाती गिटार आली. तरुणपणी लंडनमध्ये ब्लूज आणि जॅझच्या वाद्यवृंदांत उमेदवारी झाली आणि १९६९ मध्ये ‘एक्स्ट्रापोलेशन’ हा पहिला स्वतंत्र संग्रह ध्वनिमुद्रित झाला.

३/ त्याच वर्षी ड्रमवादक टोनी विल्यम्स यांच्या निमंत्रणावरून ते न्यूयॉर्कला गेले. लगोलग माइल्स डेव्हिस यांच्या ‘इन अ सायलेंट वे’च्या ध्वनिमुद्रणात त्यांना स्थान मिळाले. ‘गिटार येतच नसल्यासारखी वाजव,’ अशा आशयाची सूचना डेव्हिस यांनी केल्याची आठवण मॅक्लॉफ्लिन सांगत आले आहेत.

४/ पाठोपाठ आला डेव्हिस यांचा ‘बिचेस ब्रू’. जॅझची उत्स्फूर्तता आणि रॉकचा विद्युत्-नाद यांचा संगम म्हणजे फ्यूजन. त्याच्या पायाभरणीत या संग्रहाचे नाव अग्रभागी घेतले जाते. त्यातील एका रचनेचे शीर्षकच ‘जॉन मॅक्लॉफ्लिन’ असे आहे.

५/ १९७१ मध्ये त्यांनी ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ उभारला. ‘महाविष्णू’ हे नाव त्यांना आध्यात्मिक गुरू श्री चिन्मय यांनी दिले होते. दोन माना असलेली इलेक्ट्रिक गिटार, विषम मात्रांची आवर्तने आणि थक्क करणारी द्रुतगती यांमुळे ‘बर्ड्स ऑफ फायर’ (१९७३) रॉकच्या श्रोत्यांपर्यंतही पोहोचला. मात्र वर्ष सरताना हा मूळ संच फुटला.

६/ दुसरीकडे शिक्षण सुरूच होते. अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठात डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे ते वीणा शिकले. पण गिटारवर राग वाजवताना एक अडचण उभी राहते : पडदे पक्के असतात, आणि एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाणारी मींड तर रागाचा प्राण!

७/ उपाय वाद्याच्या रचनेत शोधला गेला. एब वेक्टर यांनी गिब्सन कंपनीसाठी खास गिटार घडवली. पडद्यांमधील लाकूड कोरून खोलगट केले, त्यामुळे तार दूरवर खेचता येऊ लागली. मुख्य तारांखालून सात तिरक्या तारा बसवल्या. सतारीच्या तरफांप्रमाणे त्या झंकारत.

८/ या वाद्यासह उभी राहिली ‘शक्ती’. एल. शंकर (व्हायोलिन) आणि विक्कू विनायकराम (घटम) कर्नाटक परंपरेतले. झाकीर हुसेन मुंबईचे, हिंदुस्थानी तबल्याच्या पंजाब घराण्याचे. म्हणजेच येथे केवळ पूर्व-पश्चिम भेटत नव्हते, तर भारतातील उत्तर आणि दक्षिणही एका लयीत गुंफली जात होती.

९/ किंमत मोजावी लागली. ‘महाविष्णू’चा मोठा श्रोतृवर्ग या वाटेने आला नाही. १९७६-७७ मधील तीन संग्रहांनंतर ‘शक्ती’ थांबली. मॅक्लॉफ्लिन पुढे पाको दे लुसिया आणि अल दी मेओला यांच्यासह फ्लॅमेंकोच्या प्रांतात गेले. १९८० ची सॅन फ्रान्सिस्कोची मैफल विलक्षण लोकप्रिय ठरली.

१०/ १९९७ मध्ये ‘रिमेंबर शक्ती’ या नावाने तोच धागा पुन्हा जुळला. पुढे मँडोलिनवादक यू. श्रीनिवास, गायक शंकर महादेवन आणि विनायकराम यांचे पुत्र सेल्वगणेश सामील झाले. डिसेंबर २००० मधील मुंबईच्या मैफली ‘सॅटर्डे नाइट इन बॉम्बे’मध्ये जतन झाल्या आहेत.

११/ फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘शक्ती’च्या ‘धिस मोमेंट’ला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्या वेळी मॅक्लॉफ्लिन ८२ वर्षांचे होते. त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकीर हुसेन निवर्तले आणि अर्धशतकाची ही साथ संपली.

१२/ भारतीय सुरावटींची सजावट त्या काळी पाश्चात्त्य संगीतात अनेकांनी केली. मॅक्लॉफ्लिन यांचे वेगळेपण असे की, त्यांनी रागाला गिटारच्या चौकटीत कोंबले नाही. रागासाठी गिटारच बदलली. फ्यूजनच्या इतिहासात त्यांच्या गतीइतकीच ही नम्रताही मोलाची आहे.