शिक्का कोणाचा, घाम कोणाचा?

फ्रान्समधील आर्ल् शहरात ऱ्होन नदीच्या तळाशी रोमन बंदराचा उकिरडा सापडला आहे. फुटकी, नकोशी झालेली भांडी त्या काळी नदीत फेकली जात. त्या ढिगाखाली ३१ मीटर लांबीची मालवाहू होडी दडली होती. २००४ साली ती आढळली, २०११ साली वर काढली, २०१३ साली संग्रहालयात मांडली. होडीचे कौतुक पुष्कळ झाले. मला बोलायचे आहे ते खापरांविषयी.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात या भागात लाल, तुकतुकीत भांडी येत ती ला ग्रोफेसांकच्या भट्ट्यांतून. पुष्कळ भांड्यांच्या तळावर आतून नावाचा शिक्का असतो. ही कारागिराची अभिमानाची सही, असे आपण चटकन समजतो. पण एकेका भट्टीत अनेकांची मिळून २५-३० हजार भांडी भाजली जात. कोणाची किती, याच्या याद्या ताटल्यांवर कोरलेल्या सापडल्या आहेत. जिथे हिशेब आहे, तिथे नाव लागतेच.

तिथले सारेच कुंभार गुलाम नव्हते. परंतु त्याच ठिकाणच्या एका कोरीव नोंदीत अतेलिया नावाच्या मालकिणीच्या ‘पोरां’च्या कामाचा हिशेब आहे. लॅटिनमध्ये गुलामाला ‘पुएर’ म्हणजे पोर म्हणत. मग त्याचे केस का पिकलेले असेनात! बाप झालेल्या माणसालाही पोऱ्या म्हणून हाक मारणारी भाषा आपल्याला नवी नाही.

इटलीतील आरेझ्झोच्या भांड्यांवर हे नाते अधिक उघडे आहे. तिथल्या एका शिक्क्याचा अर्थ असा: ‘मार्कुस पेरेन्नियुसचा सेर्दो’. सेर्दो हा घडवणारा गुलाम, पेरेन्नियुस त्याचा धनी. नाव उमटले, पण ‘चा’ हा प्रत्यय सुटला नाही. भांडे धन्याचे आणि भांडे घडवणारा हातही धन्याचाच.

म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे: शिक्का दिसला की नुसते नाव वाचू नका, विभक्तीही वाचा. गुलामाने आपले चरित्र लिहून ठेवले नाही. तशी सवड त्याला कोणी दिली नाही. त्याच्याविषयी जे उरले ते बहुतांशी मालकाच्या हिशेबात. मालकाने ते वसुलीसाठी लिहिले. आपण ते साक्ष म्हणून वाचले पाहिजे.