दिवाणखान्यातला उजेड

कामगार चळवळीत केस पिकलेल्या माणसाने लंडनमधल्या एकोणिसाव्या शतकातील दिवाणखान्याविषयी का बोलावे, असे कोणाच्याही मनात येईल. आमचे उत्तर साधे आहे. दिवा काय, शोभेची वस्तू काय, कोणाच्या तरी हातांनी होते. आणि ते हात हा आमचा विषय आहे.

जुना दिवाणखाना पुन्हा मांडायचा तर आधी साल ठरवावे लागते. ‘व्हिक्टोरिया राणीचा काळ’ एवढ्याने भागत नाही. १८३७ ते १९०१ ही तिची कारकीर्द. तेवढ्यात घरातला उजेड कितीदा तरी बदलला. प्रारंभी मेणबत्त्या आणि मोहरीच्या जातीच्या बियांच्या तेलाचे दिवे होते. हे तेल दाट. ते वातीत सहज चढत नसे. म्हणून १८३७ साली फ्रान्समध्ये निघालेल्या ‘मॉडरेटर’ दिव्यात ते स्प्रिंगच्या जोराने वर ढकलीत. १८५९ साली ड्रेकने पेनसिल्व्हानियात तेलाची विहीर खणली आणि पुढे रॉकेलचे स्वस्त दिवे घरोघर गेले. रॉकेल पातळ असल्याने स्प्रिंगचे काम उरले नाही. तेव्हा १८४० सालच्या खोलीत रॉकेलचा दिवा मांडला, तर तो कितीही सुंदर असो, चूकच! गॅस १८०७ साली लंडनच्या पॅलमॅल रस्त्यावर जळला. दिवाणखान्यात तो सर्रास आला शतकाच्या मध्यास. १८८० साली आर्मस्ट्राँगच्या क्रॅगसाइड या घरी स्वानचे विजेचे दिवे लागले.

शोभेच्या वस्तूही या उजेडाशी बांधलेल्या होत्या. शेकोटीवरच्या फळीवर मोठा आरसा असे, कारण तो एका दिव्याचे दोन करी. मेणबत्तीच्या घरांना काचेचे लोलक लोंबत, ते ज्योत झेलण्यासाठी. दगडी कोळसा आणि गॅस यांच्या काजळीने छत काळवंडे, मुलामा उतरे. म्हणून मेणाची फळे, कापडी फुले काचेच्या घुमटाखाली झाकून ठेवीत.

हे सारे कळते कशावरून? जुनी चित्रे, व्यापाऱ्यांची सूचिपत्रे आणि घरातील सामानाच्या याद्या यांवरून. ‘पंच’चे व्यंगचित्रकार लिन्ली सँबोर्न यांचे केन्सिंग्टनमधले घर आज संग्रहालय आहे, त्या घराची १८७७ सालची यादी उपलब्ध आहे. अशी यादी हाती असली की अंदाजाला लगाम बसतो.

परंतु यादीत एक रकाना नसतो, तो श्रमाचा. घुमटाखालची हिरवी पाने सोमलयुक्त रंगाने रंगवीत. १८६१ साली लंडनमध्ये मॅटिल्डा शूरर ही कृत्रिम फुले करणारी १९ वर्षांची मुलगी त्या विषाने मेली. दिवा पेटवणारी काडी पांढऱ्या फॉस्फरसची असे. त्याने कामगारांच्या जबड्याचे हाड कुजे. १८८८ च्या जुलैत ब्रायंट अँड मे कारखान्यातील सुमारे १४०० मुली-बायांनी संप केला आणि दंडाची पद्धत बंद पाडली. विषारी हवेत भाकरी खावी लागू नये म्हणून जेवणाची वेगळी जागाही मिळवली. त्यांची दुःखे छापून काढली ती अ‍ॅनी बेझंट यांनी. याच बाईंनी पुढे १९१६ साली आपल्याकडे होमरूल लीग काढली. लोकमान्यांनीही त्याच वर्षी आपली लीग स्थापिली.

गॅसचीही तीच कथा. भट्टीवर बारा-बारा तास कोळसा ओढणाऱ्यांना १८८९ साली विल थॉर्नने संघटित केले आणि आठ तासांचा दिवस मिळवून दिला. थॉर्न सहाव्या वर्षी कामाला लागला होता. त्याचे लिहिणे-वाचणे सुधारायला एलिनॉर मार्क्सने मदत केली. वाचनालयाच्या बाकावर शिकलेल्या आमच्यासारख्याला हा माणूस घरचा वाटतो.

जुने दिवाणखाने जरूर मांडावेत. सालाची चूकही होऊ देऊ नये. मात्र दिव्याखालच्या पाटीवर तेलाचे नाव लिहाल, तेव्हा शेजारी काडी करणाऱ्या मुलींसाठी एक ओळ ठेवा. आमचे मागणे तेवढेच.