सदुसष्टाव्या घराचा हिशेब

बुद्धिबळाच्या पटावर दाणे मांडण्याची गोष्ट आपण ऐकलेली असेलच. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत ६४ घरे भरावयाची म्हटली की राजाची कोठारे रिकामी होतात. आता त्या पटाला आणखी तीन घरे जोडा आणि ६७ घरांतील सर्व दाण्यांची बेरीज करा. ती येते १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. या आकड्याने गणितज्ञांना अडीचशे वर्षे चकविले.

प्रश्न शाळेतलाच आहे. हिचे अवयव पडतात, की ही मूळ संख्या? ३, ५ किंवा ७ घरे घेतली तर बेरीज ७, ३१, १२७ येते. तिन्ही मूळ संख्या. ११ घरांना मात्र २०४७ येते, म्हणजे २३ गुणिले ८९. तेव्हा नुसत्या अंदाजाने भागत नाही. फ्रान्समधील मेर्सेन नावाच्या ख्रिस्ती साधूने १६४४ साली अशी बेरीज केव्हा मूळ येते याची यादी छापली. तीत ६७ होते, पण पडताळा दिलेला नव्हता! विधान तसेच उभे राहिले.

१८७६ साली ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने ते खोडले, आणि तेही एकही अवयव न शोधता. ही संख्या मूळ असती, तर एका ठरावीक प्रचंड संख्येला तिने निःशेष भाग गेला असता. तो जात नाही. म्हणजे घरात चोर शिरला हे नक्की झाले, पण चोर कोण ते कळेना.

तो १९०३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या सभेत सापडला. कोल नावाचे प्राध्यापक उठले, फळ्यावर एकीकडे ६७ घरांची बेरीज मांडली, दुसरीकडे १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७ हा गुणाकार केला. दोन्ही उत्तरे एकच आली. कोल एक शब्दही बोलले नाहीत, असे सांगतात. किती दिवस लागले, असे विचारता 'तीन वर्षांचे रविवार' असे उत्तर त्यांनी दिल्याचीही आठवण आहे.

एवढा वेळ का लागावा? या संख्येच्या अवयवांना ६७ च्या दुपटीने, म्हणजे १३४ ने भागले तर बाकी १ च उरते. (२३ आणि ८९ यांना २२ ने भागून पाहा, तोच प्रकार.) ही चाळण लावूनही कोल यांचा लहान अवयव १३४ च्या पाढ्यात १४,४५,५८० व्या पायरीवर, एकाने पुढे, बसलेला आहे. कोल यांना आणखी बारीक चाळण्या लावाव्या लागल्या.

शिक्षक बंधुभगिनींनी नवाचा ताळा जरूर करून पाहावा. अवयवांच्या अंकांच्या बेरजा ३७ आणि ६४, गुणाकाराची १०९. तिन्हींचा शेवट १ वर येतो. 'पण ताळा जमला म्हणजे गुणाकार बरोबरच का?' असे एखादा पोरगा विचारील. तो अगदी बरोबर विचारतो आहे. त्याच्याच हाती खडू द्यावा. आमच्या वर्गात हा गुणाकार पुरा केला, तेव्हा फळा दोनदा पुसावा लागला.