मोट कोणी ऑर्डर करतं का?

आमच्या गावापासून दहा-बारा किलोमीटरवर, हायवेला लागून एक रिसॉर्ट आहे. नाव घेत नाही, मालक ओळखीचे आहेत. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी तिथलं हॉटेल खेड्याच्या थीमवर बांधलं. शेणाने सारवलेला ओटा, कंदील, पिठलं-भाकरी, ठेचा, थंडीत हुरडा. आणि मधोमध एक खरी विहीर, तिच्यावर चालणारी मोट. संध्याकाळी एक म्हातारे बाबा बैलजोडी धावेवरून खाली हाकायचे, मोट वर यायची आणि थारोळ्यात पाणी धबाधबा पडायचं. जेवायला आलेली पोरं ताट सोडून तिकडे पळायची.

आता तिथे रिनोव्हेशन चालू आहे. करड्या रंगाच्या भिंती, काचेचं पार्टिशन, इंग्रजीत चमकणारी निऑन अक्षरं. विहिरीवर स्लॅब पडणार आणि त्या जागेत बारा टेबलं बसणार. आमच्या तालुक्याच्या ग्रुपवर दोन दिवस याच्यावर भांडण झालं. अर्धे म्हणतात, हॉटेलचा आत्माच गेला. अर्धे म्हणतात, मालकाचा पैसा, मालकाची जागा, तुमचं काय जातं?

मी मालकांना जाऊन भेटलो. ते म्हणाले, "भाऊ, बैलांना रोज वैरण लागते. नाडा बदलावा लागतो. पिठलं लोक ऑर्डर करतात, मोट कोणी ऑर्डर करतं का?" मग जरा थांबून म्हणाले, "आणि आम्ही काढत थोडीच आहोत? फायबरची बैलजोडी बसवतोय. सेल्फी पॉइंट."

उत्तर सुचलं नाही. पण मोट कोणी ऑर्डर करत नाही, हे वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून जिथून हे थीम हॉटेलांचं प्रकरण वाढलं, तिथला इतिहास जरा चाळला.

अमेरिकेत 1933 साली दारूबंदी उठली. त्याच सुमाराला कॅलिफोर्नियात पॅसिफिक बेटांच्या थीमवरचे बार निघाले. हॉलिवूडमध्ये 'डॉन द बीचकोम्बर', ओकलंडमध्ये 'ट्रेडर विक्स'. बांबू, गवताची छपरं, लाकडी मुखवटे, रमची पेयं. दुसऱ्या महायुद्धात हजारो अमेरिकन सैनिक पॅसिफिकमध्ये जाऊन आले आणि हे वेड आणखी वाढलं. ही काही खरी बेटं नव्हती. दुसऱ्याच्या संस्कृतीचं अमेरिकन माणसाला आवडेल असं केलेलं नाटकच होतं ते. हे आधीच कबूल करू.

आता सॅन फ्रान्सिस्कोच्या फेअरमाँट हॉटेलातली 'टोंगा रूम' बघा. मुळात तिथे पोहण्याचा तलाव होता, 1929 चा. 1945 मध्ये हॉटेलने एमजीएम स्टुडिओच्या एका सेट डिझायनरला बोलावलं आणि तलावाभोवती रेस्टॉरंट उभं केलं. तलाव बुजवला नाही. त्यात गवताच्या छपराचा तराफा सोडला, त्यावर बसून वाद्यवृंद वाजवतो. मधूनच विजा कडाडतात आणि तलावावर खोटा पाऊस पडतो.

म्हणजे आज ज्याला आपण 'मूळ रूप' म्हणू, तेच मुळात एक रिनोव्हेशन होतं! पोहणाऱ्या मंडळींनी तेव्हा कपाळावर हात मारलाच असेल. त्यामुळे 'बदल म्हणजे नाश' हे म्हणणं इतिहासात टिकत नाही.

पण दुसरी बाजूही त्याच खोलीत आहे. खोलीच्या ऐन मधली जागा पाण्याने अडवलेली. तिथे टेबलं मांडली तर धंदा केवढा वाढेल, हे कोणालाही कळतं. पावसाचं बिल गिऱ्हाइकाला लागत नाही. तरी लोक येतात ते त्या पावसासाठी. 2009 मध्ये हॉटेलच्या आवारात सदनिका बांधायची योजना आली, तिच्यात टोंगा रूम जाणार होती. शहरात ओरड झाली. नियोजन विभागाच्या तपासणीत ही खोली ऐतिहासिक वारसा ठरण्याजोगी आहे, असं निघालं. योजना मागे पडली, खोली राहिली.

दुसरं उदाहरण फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डचं. 1971 मध्ये तिथे 'पॉलिनेशियन' रिसॉर्ट सुरू झालं. मुख्य इमारतीत शिरलं की समोर मोठी बाग आणि खडकांवरून पडणारा धबधबा, तोही घरात. 2014 च्या नूतनीकरणात तो काढला, त्या जागी छोटंसं काहीतरी आलं. जागा मोकळी झाली, उजेड आला. आणि जुन्या पाहुण्यांचा जीव हळहळला. पण गंमत अशी की त्याच नूतनीकरणाच्या ओघात, 2015 मध्ये, तिथे 'ट्रेडर सॅम्स' नावाचा एक चिमुकला बार उघडला. ठरावीक पेय मागवलं की भिंतीवरचा ज्वालामुखी पेटतो, बाटलीतलं जहाज बुडतं. नवा असूनही तो लोकांचा लाडका झाला. एकाच रिसॉर्टमध्ये एका बदलाने ओळख पुसली आणि दुसऱ्याने नवी दिली. फरक कशाचा? एका ठिकाणी बिलात न येणारी गोष्ट काढली, दुसऱ्या ठिकाणी तशीच एक घातली.

एवढं लांब कशाला, अहमदाबादला जाऊ. 1978 मध्ये सुरेंद्र पटेल यांनी तिथे 'विशाला' सुरू केलं. खेड्याची थीम, मातीच्या भिंती, कंदील, जमिनीवर पंगत. आपल्याकडच्या खूप 'गावरान' हॉटेलांच्या आधीची ही गोष्ट. जुनी तांब्या-पितळेची भांडी मोडीत निघून वितळवली जात होती, ते पटेलांना बघवेना. त्यांनी ती गोळा केली आणि 1981 मध्ये हॉटेलच्याच आवारात 'विचार' हे भांड्यांचं संग्रहालय केलं. घागरी, लोटे, अडकित्ते, हजारो वस्तू. थाळीच्या धंद्याला या घागरींची काय गरज? काही नाही. पण नुसते कंदील टांगलेल्या हॉटेलात आणि विशालामध्ये फरक पडतो तो त्या घागरींनीच.

तर मला कळलं ते एवढंच. हॉटेलची ओळख रंगात, खुर्चीत, मेनूकार्डात नसते. ते बदला, बदलायलाच हवं. स्वच्छतागृहं सुधारा, स्वयंपाकघर नवं करा, गळकी कौलं काढा, कोणी रडणार नाही. ओळख असते ती जागा अडवणाऱ्या, खर्च खाणाऱ्या आणि बिलात न येणाऱ्या एखाद्या गोष्टीत. आणि हिशेबाची वही उघडली की पहिली काट तिच्यावरच बसते.

खासगी मालकावर सक्ती करता येत नाही, करूही नये. मुंबईत 1995 साली वारसा नियमावली आली, पण तिचा भर जुन्या इमारतींवर. हायवेवरच्या पंचवीस वर्षांच्या विहिरीला कोण विचारतो? मात्र एमटीडीसीची रिसॉर्टं तर आपली आहेत ना? 1975 पासूनचं सरकारी महामंडळ आहे ते. त्यातलं एखादं चालवायला देताना किंवा नवं करताना निविदेत खोल्या किती, एसी किती हे लिहितात, तसं 'या जागेतलं काय हलवायचं नाही' हेही लिहायला काय हरकत आहे? दोन ओळींचं काम आहे.

आणि आपणही जरा आरशात बघू. मी स्वतः त्या हॉटेलात कितीतरी वेळा जेवलो. मुलीला खांद्यावर घेऊन मोट दाखवली. विहिरीत पंप बसले आणि मोटा गेल्या, त्यानंतर जन्मलेल्या पोरांना मोट दिसायची ही आमच्याकडची एकच जागा. पण ती चालवायला काय लागतं, हे मी एकदाही विचारलं नाही. बाबांच्या हातावर दहा रुपये ठेवल्याचंही आठवत नाही. बिल बघितलं, भाकरी महाग झाली म्हणून कुरकुर तेवढी केली.

बाबा आता पार्किंगमध्ये शिट्टी घेऊन उभे असतात. बैल विकले. काल विचारलं, "बाबा, कसं वाटतं?" म्हणाले, "गाड्या बी हाकायच्याच की. फक्त त्या ऐकत न्हाईत."

स्लॅब अजून पडलेला नाही. उद्या पुन्हा मालकांकडे जातोय. बारा टेबलांऐवजी आठ टेबलं आणि विहीर उघडी, एवढं तरी होतंय का, बघतो. तालुक्यातलं ज्यांना यायचं असेल त्यांनी सकाळी दहाला तिथेच यावं. येताना जेवूनच जाऊ, आणि बिल भरताना मोटेचं नाव काढू.